बाटली उलटी करा

डोक्यावरचा केस मेलेला असतो.

जिवंत असतं ते मूळ, कातडीच्या आत. बाहेर आलेल्या केसात ना रक्त, ना नस, ना एकही जिवंत पेशी. म्हणून तर कापताना दुखत नाही. मग दुकानातल्या बाटली-बाटलीवर ‘केसांचं पोषण’ कशाला छापलेलं असतं? मेलेल्याला भरवणार कसं?

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती दुकानातल्या फळीसमोर उभी होती. हातात साडेपाचशेची बाटली, पाकिटात पाचशेची नोट.

नोकरीची दुसरी मुलाखत चार दिवसांवर आली होती. पहिलीत कुणी काही बोललं नव्हतं. पण घरी आल्यावर ती आरशासमोर बसली आणि म्हणाली, “मावशी, हे डोकं बघून मला कोण कामावर ठेवेल?” केस कुरळे, दाट, खांद्यापर्यंत. बी.कॉम.ला पहिला वर्ग, टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरते. आणि काळजी कसली, तर केसांची.

ही काळजी तिला कुणी शिकवली? आपणच.

“पाचशेत काय होईल?” तिने विचारलं. पाचशेत सगळं होतं. फक्त बाटली उलटी करावी लागते.

बाटलीची पुढची बाजू कंपनी स्वतःच्या मर्जीने लिहिते. मागची बाजू तिच्याकडून कायदा लिहून घेतो. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार आतल्या घटकांची यादी द्यावीच लागते आणि तीही उतरत्या क्रमाने. जे सगळ्यांत जास्त, ते आधी. एक टक्क्याच्या आतले सगळे शेवटी, तिथे मग क्रम कसाही चालतो. इतकं साधं आहे. पण आपण बाटली उलटी करतो कधी? संपत आली की, उरलेलं खाली यावं म्हणून.

एक खूण सांगून ठेवते. यादीत ‘फिनॉक्सिइथेनॉल’ असं लांबलचक नाव अनेकदा सापडतं. माल खराब होऊ नये म्हणून ते घालतात आणि एक टक्क्यापेक्षा जास्त घालायची परवानगी नसते. म्हणजे त्याच्या नंतर जे जे नाव येईल, ते सगळं टक्क्याच्या आतलं. बोट ठेवायचं आणि खाली वाचत जायचं.

भाचीच्या हातातल्या बाटलीवर पुढे सोनेरी अक्षरांत आर्गन तेल होतं. मागे ते त्या खुणेच्याही खाली होतं.

मग पहिल्या नंबरावर कोण? पाणी. दुसऱ्यावर फेस करणारं सोडियम लॉरेथ सल्फेट. शेजारची साठ रुपयांची बाटली उलटी केली. पाणी आणि सोडियम लॉरेथ सल्फेट. पहिली चार नावं तीच, त्याच क्रमाने. वरचे चारशे नव्वद रुपये वासाचे, झाकणाचे आणि त्या सोनेरी अक्षरांचे.

महाग ते सगळं खोटं, असं मी म्हणत नाही. सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू कोरड्या, कुरळ्या केसांना खरंच मानवतो आणि त्याला दोन पैसे जास्त पडतात. तेही यादीतच दिसतं. पैसे द्यायचे तर यादीतल्या फरकाला द्यावेत.

आता कांद्याकडे येऊ, कारण गेली काही वर्षं अख्खी फळीच कांद्याने भरली आहे. या सगळ्यामागे ज्याचा दाखला देतात तो प्रयोग २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी छापला. रुग्ण कोण होते? चाई पडलेले. चाई म्हणजे डोक्यावर नाण्याएवढे गोल, गुळगुळीत चट्टे पडतात तो आजार. रोज कंगव्यात येतात त्या केसांशी त्याचा संबंध नाही. तेवीस जणांनी दिवसातून दोनदा ताज्या कांद्याचा रस चोळला आणि बहुतेकांचे केस परत आले. चाई पुष्कळदा औषधावाचूनही भरून येते, ही गोष्ट वेगळीच. ताजा रस, तोही दोनदा, तोही चाईला. यातलं काय उरलं बाटलीत?

नाव.

आणि लासलगावच्या बाजारात भाव पडला की शेतकरी हाच कांदा रस्त्यावर ओततो. बाटलीवरच्या कांद्याच्या चित्राला जो भाव आहे, तो पोत्यातल्या कांद्याला एकदा तरी मिळू दे.

खोबरेल तेलावर मात्र माझा राग नाही. २००३ साली मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या दोन शास्त्रज्ञांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल असं तिन्ही केसांना लावून पाहिलं. धुताना आणि विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं. ती झीज फक्त खोबरेलाने कमी केली. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचाच आहे, हे डोक्यात ठेवूनच वाचायचा. पण कारण पटणारं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असतं, ते केसाच्या आत शिरतं. बाकीची तेलं वरवर बसतात.

म्हणजे तेल न्हाण्याआधी लावायचं. आजी शनिवारी रात्री लावून रविवारी न्हायला घालायची, ते बरोबरच होतं. चुकलो आपण. न्हाल्यावर पुन्हा चोपडायला लागलो आणि रस्त्यावरची धूळ डोक्यावर गोळा करायला लागलो.

आणि तेलाने केस वाढत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आजीने लावलं तरी एक, पार्लरवालीने लावलं तरी एकच.

या खोबरेलाने सर्वोच्च न्यायालयही पाहिलं आहे. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं? प्रश्न अर्थात कराचा होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठाने सांगितलं की बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. तेव्हा जीएसटी होता खाण्याच्या तेलाला ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८. वर्षही उलटलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेलही ५ टक्क्यांवर आलं आणि शाम्पूही. करातले तेरा टक्के सुटले. तुमच्या दुकानात किती सुटले, हे बिल काढून पाहिलंत का?

पाहा. हक्काचे पैसे आहेत.

स्वस्त म्हटलं की पुडी आठवते. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर कडलूरमध्ये धंदा सुरू केला आणि ‘चिक’ शाम्पूची पुडी खेडोपाडी नेली. त्याआधी शाम्पू ही शहरातल्या बाईची चैन होती. बाजारात एक वेगळीच गोष्ट आजही दिसते. पुडीवर लिहिलेले मिलिलिटर आणि किंमत यांचा भागाकार करा, मग तोच भागाकार बाटलीचा करा. पुष्कळदा पुडीच स्वस्त पडते. बाकी सगळीकडे घाऊक घेतलं की स्वस्त, इथे उलटं. बाटली घेणाऱ्याने हा भागाकार कधी केलेलाच नसतो.

पण रिकामी पुडी गटारात जाते आणि तिथेच बसते. म्हणून पुड्या आणायच्या, पण दहा एकदम उघडून जुन्या बाटलीत ओतायच्या आणि कागद ओल्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. एवढं तरी करा.

आता न्हाणीघरात चला, कारण खरी बचत तिथे आहे.

शाम्पू डोक्याच्या कातडीला, कंडिशनर केसांच्या टोकांना. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं चालतं. मळ आणि तेल असतं कातडीवर, तिथे बोटांच्या पेरांनी चोळायचं. टोकांवरून फेस वाहत जातो, तेवढा पुरतो. कंडिशनर मुळाशी लावला की केस चप्प बसतात आणि मग आपण म्हणतो हा कंडिशनर वाईट. कंडिशनरने काय केलं?

ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो. त्याच वेळी आपण बारीक दातांची फणी खसाखसा ओढतो, वर टॉवेलने रगडतो. बाजारात ‘खास केसांचा’ मायक्रोफायबरचा टॉवेल मिळतो, किंमत विचारू नका. घरातला जुना, विरलेला सुती पंचा घ्या. तो पाणी टिपतो आणि केसाची सालपटं उलटी फिरवत नाही. आजोबांच्या खांद्यावरची ही वस्तू आता पायपुसणं झाली आहे. उचला तिथून, धुवा आणि डोक्याला बांधा.

पाण्याचं काय? बोअरच्या पाण्याने साबण फाटतो, बादलीला पांढरा थर चढतो, नळाला खडू जमतो. तोच थर केसांवरही बसतो. नव्या वस्त्यांमध्ये टँकर आणि बोअरवर राहणाऱ्यांचे केस काथ्यासारखे का होतात, याचं उत्तर बऱ्याचदा बादलीत असतं. लोक शाम्पू बदलत राहतात. शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळायची जुनी रीत होती. आंबट पाण्याने केसावरची सालं मिटून बसतात, थर सैल होतो. पाच रुपयांचं लिंबू, तेही अर्धंच.

फाटे फुटलेल्या टोकांना सांधणारी बाटली अजून जन्माला आलेली नाही. जे काही लावाल ते धुतलं की गेलं. फाट्याला एकच औषध, कात्री.

पोरांच्या जेलची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. स्वस्त जेलमध्ये पाणी असतं, घट्टपणा आणणारं द्रव्य असतं आणि वाळल्यावर केसावर पापुद्रा धरणारं एक प्लॅस्टिकसारखं द्रव्य. त्यात वावगं काही नाही, महागड्या जेलमध्येही तेच काम तशाच द्रव्याने होतं. पण वाळल्यावर पोरगा खिशातला कंगवा काढून भांग पाडतो. पापुद्रा फुटतो. खांद्यावर पांढरा चुरा पडतो. आई म्हणते कोंडा झाला, बाबा कोंड्याचा शाम्पू आणतात, त्यावर आजी तेल थापते.

कोंडा नव्हताच.

आणि खरा कोंडा असेल तर तेल थापणं म्हणजे आगीत तूप. डोक्यावर राहणारी एक बुरशी तेलावरच जगते. तिला रोज वाटीभर खाऊ मिळाला तर ती कशाला जाईल? औषधाच्या दुकानात कीटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचा. लोक लावतात आणि लगेच पाणी ओततात, मग म्हणतात गुण आला नाही. औषधाला वेळ दिला होता का?

गरम इस्त्रीबद्दल एकच सांगते. भजी तळायला तेल साधारण १८० अंशांवर असतं. केस सरळ करायच्या यंत्राचा काटा त्याच्याही पुढे, २३० पर्यंत जातो. ओल्या केसावर फिरवलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. चुर्र असा आवाज आला, तर तो तुमच्या केसाचा आहे.

पार्लरमधल्या ‘प्रोटीन ट्रीटमेंट’वर मात्र मला थांबावं लागेल.

दहाएक वर्षांपूर्वी मी एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. बंद खोली, खिडकी नाही. क्रीम लावून वरून यंत्र फिरवायला सुरुवात केली आणि माझे डोळे असे झोंबले की पाणी थांबेना. लावणारी मुलगी वीस-बावीसची असेल. तिने ओढणी नाकाला बांधली होती. काय लावतेस विचारलं, तर म्हणाली, “ताई, प्रोटीन आहे.” बाटली दाखव म्हटलं. मालकिणीने दाखवली नाही. मी तीन तासांनी बाहेर पडले. ती मुलगी संध्याकाळी सातपर्यंत तिथेच होती, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या.

अशा कित्येक क्रीममध्ये तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ सोडणारी द्रव्यं निघाली आहेत. प्रेत टिकवायला जे फॉर्मलिन वापरतात, त्यातला हा वायू. त्यावर ओरड झाली तेव्हा ग्लायॉक्सिलिक आम्ल आलं, ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ अशी पाटी लावून. मग २०२३ मध्ये इस्राएलच्या डॉक्टरांनी २६ रुग्णांची नोंद छापली, केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडं अचानक बिघडलेल्यांची. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एकाच तरुणीची हकिकत छापली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिची मूत्रपिंडं बिघडली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

आणि मिळालं काय? महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने चार महिन्यांत मुळापाशी चार सेंटिमीटर कुरळे केस उगवून आले. माझेच, जसे होते तसे.

मग आहेत केस गळणारे. रोज पन्नास ते शंभर केस गळणं ही निसर्गाची रीत आहे. त्याहून जास्त गळायला लागले की बाई काय बदलते? तेल. मग शाम्पू. मग कंगवा. मग उशीची खोळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला काय लागतं? बोटाला एक टोचणी. घरात सगळ्यांना वाढून उरलं ते खाणाऱ्या बाईला कांद्याचं तेल कशाला? तिला ताटात डाळ आणि पालेभाजी वाढा, आणि ती सगळ्यांबरोबर बसून खाते का, ते बघा.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके हातात येतात. टायफॉइड, डेंगी, मोठा ताप यांनंतरही. बाई घाबरते. ते बहुधा परत येतात, आपले आपण. पण नेमक्या त्याच तीन महिन्यांत जी बाटली चालू असते ती सगळं श्रेय घेऊन जाते.

केसांसाठी विकतात त्या बायोटिनच्या गोळ्यांचंही तेच. बायोटिनची कमतरता फार थोड्यांना असते, अंड्यात आणि शेंगदाण्यात ते भरपूर आहे. उलट मोठ्या मात्रेने रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची तपासणी त्यातलीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. रक्त द्यायला जाल तेव्हा गोळी घेता हे सांगा. लॅबवाला विचारणार नाही.

आपल्या बुलडाण्यातलं विसरलात का? डिसेंबर २०२४, शेगाव तालुका. गावागावांत माणसं विंचरायला बसली आणि केस हातात आले. तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, कॉलेजातल्या मुली. पहिल्यांदा संशय कुणावर? शाम्पूवर. मग पाण्यावर, मग बुरशीवर. डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत गेले, नमुने घेतले आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या तपासणीत गव्हात आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम बेसुमार निघालं. विंचू चावलेल्यांचे जीव वाचवणारा महाडचा डॉक्टर सत्तरी उलटून गेल्यावर बुलडाण्यातल्या लोकांची डोकी तपासत फिरतो. कारण पोटातून आलेलं डोक्यावर दिसतं, हे त्याला माहीत आहे.

डोक्यावरून ओतल्याने पोट भरत नाही, हे आपल्याला कधी कळणार?

भाचीकडे परत येते. ‘झिपरी’, ‘टोपलं’, ‘पिंजारलंय नुसतं’, ‘बांध आधी ते’. कुरळ्या केसांच्या मुलीला हे शब्द आईच्या दुधाबरोबर मिळतात. शाळेत दोन घट्ट वेण्या, वर रिबिनी, कपाळ ताणलेलं. केस सरळ असले तर संस्कार, कुरळे असले तर अवतार. हा न्याय कुठला? आपल्याकडे बाईच्या केसांवर सगळ्यांचा हक्क चालत आला, तिचा सोडून. नवरा मेला की तिचं डोकं भादरायचे. १८९०मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी खाली ठेवला. घरच्यांना ते सुचलं नव्हतं.

तर पाचशेचा हिशेब असा झाला. मोठ्या दातांचा कंगवा चाळीस. साधा कंडिशनर एकशे वीस. शाम्पूच्या पुड्या वीस. जेलची ट्यूब सत्तर. पाव किलो जवस तीस. दोनशे ऐंशी. पंचा घरचा.

जवस कशाला, तर कुरळ्या केसांच्या मुली त्याचा जेल घरीच करतात आणि तो चांगला होतो. चार मोठे चमचे जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सारखं ढवळणं. सात-आठ मिनिटांत कडेने पांढरा फेस धरतो. पळी वर उचलली की धार तुटत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबते. तिथेच गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच चहाच्या गाळणीतून काढायचं. पहिल्या खेपेला आम्ही गार होऊ दिलं आणि गाळणीतून थेंब पडेना. भाचीने जुन्या ओढणीत बांधून पिळून पिळून काढलं. दुसऱ्या खेपेला दोन मिनिटांत वाटी भरली. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. वास बदलला की टाकून द्यायचा.

मग परीक्षा घेतली. भाचीच्या डोक्याची उजवी बाजू जवसाला, डावी सत्तर रुपयांच्या ट्यूबला. केस टपटपत असतानाच लावायचं, कारण सगळी मेख तिथे आहे. पाण्याने केसातले काही बंध सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात वाळेल त्या आकारात केस राहतो. जेलचं काम एवढंच, वाळेपर्यंत आकार धरून ठेवायचा. टोकांकडून मुठीत घेऊन वर दाबत नेलं, पंच्याने पाणी टिपलं आणि तास-दीड तास हात लावायचा नाही म्हणून बजावलं. वाळल्यावर बटा कडक झाल्या. तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन त्या हलक्या हाताने चुरगाळल्या. कडकपणा गेला, वेटोळी राहिली. एकेक बट वेगळी, जिलबीच्या वेढ्यासारखी.

बावीस वर्षांत तिने स्वतःचे केस असे पाहिले नव्हते. ती आरशासमोरून हलेना.

संध्याकाळी भाजी आणायला म्हणून आम्ही मुद्दाम स्टेशनपर्यंत चालत गेलो. ठाण्याची जुलैतली हवा, अंगाला चिकटणारी. परत आलो तेव्हा जवसाची बाजू थोडी फुलली होती, ट्यूबची जशीच्या तशी होती. हात लावला तर जवसाची मऊ, ट्यूबची जराशी राठ. म्हणून ठरलं की मुलाखतीला ट्यूब आणि एरवी जवस. घरचं तेच चांगलं, असं मी म्हणणार नाही. मुलाखतीच्या दिवशी अंधेरीपर्यंत लोकल आणि वर पाऊस आहे, तिथे सत्तर रुपयांची ट्यूबच उपयोगी.

आई हे सगळं पलंगावरून बघत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्या दोन वेण्या तिनेच घातल्या, भाचीच्याही. कपाळ दुखेपर्यंत घट्ट. तिचा स्वतःचा अंबाडा मी न्हाणं सोडून कधी सुटलेला पाहिला नाही. न्हाल्यावरही केस ओले असतानाच ती गुंडाळून टाकते.

“वाटीत उरलंय ना ते?” आई म्हणाली. “जरा लाव इकडे.”

भाचीने उरलेला जवस तळहातावर घेतला. आईचे केस नुकतेच धुतलेले, पांढरे, पातळ. “थंड आहे गं,” आई म्हणाली आणि मान खाली घालून बसली. भाचीने टोकांकडून मुठीत घेत वर नेले. मग दोघी गॅलरीत बसल्या. आईचा हात दोनदा अंबाड्यासाठी मागे गेला, दोन्ही वेळा भाचीने धरला.

तासाभराने आईच्या कानामागे तीन वेटोळी उभी राहिली. मग मानेवर आणखी दोन. आईने त्यातलं एक बोटाने ओढलं, सोडलं, ते परत आपल्या जागी गेलं. तिने पुन्हा ओढलं.

“हे आधीपासूनच होते?” तिने विचारलं.